न पाहता ‘पाहते’ म्हणणे

विवाहात सप्तपदी झाल्यानंतर वधूला ध्रुवाचे दर्शन घडवावे, हा आपल्याकडील जुना आणि सर्वमान्य आचार आहे. मळमड्डीतील आमच्या दीर्घ वास्तव्यात आम्ही तो किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. वेळ बहुधा भर दुपारची असते. पुरोहित हात वर करतात; वधू त्या हाताच्या रोखाने कार्यालयाच्या छताकडे पाहते; छताला पंखा फिरत असतो; आणि ती ‘पाहते’ असे म्हणते. तोवर आतून पाने मांडल्याची वर्दी येते व मंडळी उठू लागतात. या प्रकारात काही उणे आहे असे कोणास वाटत नाही. आम्हांसही कधी वाटले नव्हते.

शास्त्राधारच पाहू गेल्यास तोही अनुकूल आहे. पारस्करांच्या गृह्यसूत्रात वधूला ध्रुव दिसला नाही तरी तिने ‘पाहते’ असेच म्हणावे, अशी स्पष्ट मुभा दिली आहे. ही मुभा दयाळू आहे. आभाळ भरून आले, डोळ्यांनी साथ दिली नाही, तर मंगलकार्य अडून राहू नये, एवढाच तिचा हेतू असावा. परंतु सूत्रकारांनी अडचणीच्या रात्रीसाठी उघडलेली ही खिडकी आपण घराचा दरवाजा करून टाकली आहे काय, हा प्रश्न आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. आणि तो उभा राहिला तो धारवाडात नव्हे, तर पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात, न्यूझीलंडच्या राजधानीत.

आमची पुतणी तेथे वेलिंग्टन शहरी संसार करून आहे. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो असता तिच्या मुलीच्या विवाहाची बोलणी चालली होती. विवाह तेथेच व्हावयाचा होता. याद्या करताना पुतणीने सहज विचारले, “काका, इथे ध्रुव दिसत नाही. मग ध्रुवदर्शनाचं काय करायचं?” आम्ही तितक्याच सहजपणे उत्तर दिले, “उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करावा, म्हणजे झाले.” ती गप्प राहिली. पण तिची मुलगी, जी उद्या वधू होणार होती, म्हणाली, “आजोबा, मग मी ‘पाहते’ असं म्हणायचं का?” याला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. सूत्रातील मुभा आम्हांस ठाऊक होती. परंतु ती सांगावयास जीभ रेटेना. ज्या भूमीवरून ध्रुव कोणत्याही रात्री, कोणत्याही ऋतूत दिसणे शक्यच नाही, तेथे ‘पाहते’ म्हणणे ही ढगाळ रात्रीची सवलत खासच नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने आम्हांस तेथील वेधशाळा दाखवावयास नेले. लॅम्बटन की या बाजाररस्त्यावरून दोरीच्या ओढीने चालणारी तांबडी गाडी टेकडीवर चढते. १९०२ सालापासून तो मार्ग चालू आहे. माथ्यावर वनस्पतिउद्यान लागते आणि तेथेच कार्टर वेधशाळेचे घुमट आहेत. चार्ल्स रूकिंग कार्टर या गृहस्थांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून ही वेधशाळा उभी राहून १९४१ साली उघडली. आतील जुनी दुर्बीण १८६७ साली इंग्लंडातील यॉर्क शहरी टॉमस कुक यांच्या कारखान्यात घडली. तिचे भिंग पावणेदहा इंच व्यासाचे. २०१० साली वेधशाळेचे नूतनीकरण झाल्यानंतर तेथे तारामंडळाचा नवा घुमट लाभला. आमचे लक्ष वेधले ते मात्र या सामग्रीपेक्षा तेथील रीतीने. त्या घुमटाखाली पाश्चात्त्य ज्योतिर्विज्ञानाच्या शेजारी, त्याच आदराने, तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांचे आकाश दाखविले जाते.

दिवे मालवले आणि घुमटावर पहाटेपूर्वीचे आकाश उमटले. प्रथम आम्ही गोंधळून गेलो. आमच्या नेहमीच्या ओळखीचा मृग तेथे उलटा होता. पाय वर आणि डोके खाली. सप्तर्षी नव्हते, कारण त्या अक्षांशावर ते क्षितिजाच्या वर येतच नाहीत. सप्तर्षी नाहीत म्हणून वसिष्ठांजवळची अरुंधतीही नाही. ध्रुव तर नाहीच. दक्षिण ध्रुवस्थानी ठळक असा कोणताही तारा नाही. तेथे सारे आकाश एका रिकाम्या जागेभोवती फिरते. आणि आमच्या येथे हिवाळ्यात दक्षिण क्षितिजापासून थोडा वर येऊन पुन्हा बुडणारा अगस्त्य तेथे कधीच मावळत नाही. एका पिढीने नव्हे, शंभर पिढ्यांनी ज्याला ‘वर’ म्हटले, ते तेथे ‘खाली’ होते. आपले आकाश हेच आकाश, अशी जी एक अबोल समजूत माणूस जन्मभर बाळगतो, ती त्या अंधारात पाच मिनिटांत विरघळली.

निवेदन करणारी तरुणी स्वतः माओरी वंशाची होती. ती व्याधाच्या ताऱ्याला ताकुरुआ म्हणाली, मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांना ताउतोरू म्हणाली, तेथून डावीकडे रोहिणीच्या ताऱ्यांवरून तिने आपली प्रकाशशलाका सरकविली आणि एका लहानशा पुंजक्यावर आणून थांबविली. “ही मातारिकी,” ती म्हणाली. त्या आमच्या कृत्तिका होत्या.

माओरी लोकांचे नवे वर्ष या पुंजक्याशी बांधलेले आहे. काही दिवस सूर्याच्या तेजात लुप्त राहून कृत्तिका जून-जुलैच्या सुमारास पहाटे पूर्वेस पुन्हा उगवतात, तेव्हा तेथील जाणती माणसे थंडीत उभी राहून त्यांचे निरीक्षण करतात. त्यांचा महिना चांद्र आहे. प्रत्येक रात्रीला स्वतंत्र नाव आहे. अमावास्येची रात्र व्हीरो आणि पौर्णिमेची राकाउनुई. ज्यांच्या घरी तिथी पाहिल्यावाचून पान हालत नाही, त्यांना ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. पुंजक्यातील एकेका ताऱ्याकडे एकेक अधिकार आहे. तुपुआनुकु हिच्याकडे भूमीतून उगवणारे अन्न, तुपुआरंगीकडे झाडांवरील फळे व पक्षी, वाइतीकडे गोडे पाणी, वाइताकडे समुद्र, वाइपुनारंगीकडे पाऊस, उरुरंगीकडे वारा. पोहुतुकावा ही त्या वर्षी निवर्तलेल्यांची सांभाळ करणारी. पहाटे तिच्यासमोर वर्षभरातील मृतांची नावे मोठ्याने उच्चारली जातात. नंतर रताळी, पक्षी, नदीतील वाम व समुद्रातील मासा असे अन्न शिजवून त्याचे झाकण काढतात आणि वर जाणारी वाफ ताऱ्यांना नैवेद्य म्हणून अर्पण होते. काही कुळे नऊ तारे मोजतात, काही सात. पश्चिमेकडील काही कुळे मातारिकीऐवजी पुआंगा, म्हणजे मृगातील राजन्य हा तारा पाहून वर्षारंभ करतात. पंचांगभेद तेथेही आहेत, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही. २०२२ सालापासून न्यूझीलंडच्या शासनाने मातारिकीची सार्वजनिक सुट्टी सुरू केली. पहिली २४ जून २०२२ रोजी झाली.

हे सर्व ऐकताना आमच्या मनात प्रथम जी उठली ती शंकाच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेथे दुर्बिणीने मोजमाप करावयाचे तेथे या कथांना आसन देणे हे ज्ञान आहे की केवळ दाक्षिण्य? ज्या लोकांना एके काळी दडपले त्यांची आता समजूत घालणे तर हे नव्हे? दडपशाही झाली होती, यात संशय नाही. माओरींच्या परंपरागत जाणत्यांना टोहुंगा म्हणतात. त्यांच्या व्यवसायावर बंदी घालणारा कायदा १९०७ साली तेथे झाला आणि तो १९६२ साली रद्द झाला. परंतु पश्चात्ताप हे सत्याचे प्रमाण होऊ शकत नाही. एखाद्यावर अन्याय झाला एवढ्यानेच त्याचे प्रत्येक विधान खरे ठरत नाही.

घुमटाखाली बसल्या बसल्या या शंकेचा उलगडा आम्ही आमच्यापुरता करून घेतला. ताऱ्याविषयी माणूस तीन निरनिराळे प्रश्न विचारतो. तो काय आहे, हा पहिला. तो केव्हा दिसतो, हा दुसरा. आणि तो दिसला असता आपण काय करावे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर दुर्बीण व गणित देते. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज रात्री त्यांचा जो किरण आपल्या डोळ्यांत शिरेल तो निघाला तेव्हा पैठणास एकनाथ महाराज हयात होते. हे कोणत्याही कथेने सांगितले नाही, आणि कथेवर तसा भारही टाकू नये. तिसऱ्याचे उत्तर कोणतीही दुर्बीण देऊ शकत नाही. वर्ष सरताना मेलेल्यांची आठवण काढावी, अन्न देणाऱ्या भूमीचे व पाण्याचे ऋण मानावे, ही गोष्ट भिंगातून दिसावयाची नाही. या दोहोंमध्ये जो दुसरा प्रश्न आहे, केव्हा दिसतो हा, तो मात्र दोघांच्या सामाईक अंगणातला आहे. तेथे परंपरेला आकाशाच्या साक्षीने तपासता येते. आणि जी परंपरा स्वतःहून या तपासणीस उभी राहते, तिला वेधशाळेत आसन मिळाले तर ते दान नसून तिचा हक्क आहे. माओरी जाणता पहाटे उठून पाहतो. तो ‘पाहतो’ असे म्हणतो तेव्हा त्याने पाहिलेले असते.

कार्यक्रम संपल्यावर त्या तरुणीने आम्हांस थांबवून विचारले, “तुमच्याकडे या ताऱ्यांना काय म्हणतात?” आम्ही उत्साहाने सांगू लागलो. कृत्तिका म्हणतात; कार्तिकेयाच्या त्या माता; आमच्या एका महिन्याचे नावच त्यांच्यावरून पडले आहे; वैदिक वाङ्मयात त्यांची सात नावे येतात, त्यांपैकी तीन अभ्रयंती, मेघयंती आणि वर्षयंती, म्हणजे ढग आणणारी, मेघ जमविणारी आणि पाऊस पाडणारी; नक्षत्रेष्टीत त्यांतील एकेकीस नाव घेऊन आहुती देण्याचे विधान आहे. ती आश्चर्याने म्हणाली, “पाऊस आमच्याकडेही त्यांच्यातल्या एकीकडेच आहे!” दोन टोकांचे दोन समाज, एकमेकांची कधी गाठभेट नाही, आणि दोघांनीही त्याच इवल्या पुंजक्याला अन्न अर्पण करून पाऊस मागितला. त्या क्षणी आमची छाती फुगली होती, हे कबूल करतो. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. “आणि तुम्ही त्यांना केव्हा पाहता?”

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. साठी उलटून गेलेली. कार्तिकस्नान, कार्तिकातील काकड आरती, दीपोत्सव यांत एकही वर्ष खंड पडलेला नाही. ‘कृत्तिका’ हा शब्द सहस्र वेळा उच्चारलेला. परंतु मळमड्डीच्या आकाशात कृत्तिका कोठे असतात हे बोट करून दाखविण्याची वेळ आली असती तर आमचे बोट त्या वधूप्रमाणेच छताकडे गेले असते. आम्हीही जन्मभर न पाहता ‘पाहतो’ म्हणत आलो होतो.

परत आल्यावर आम्ही घरातील जुने बस्ते सोडले, आणि आमचे समाधान व आमची लाज दोन्ही एकदमच वाढली. समाधान यासाठी की, आपली परंपरा पाहणाऱ्यांची होती. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात व तेथून ढळत नाहीत, अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. आज त्या पूर्वेपासून बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या नोंदीवरून ती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची असावी असे अनुमान केले. अनुमानाविषयी विद्वानांत वाद आहेत. परंतु एवढे खरे की कोणीतरी कोठेतरी क्षितिजाकडे डोळे लावून बसल्यावाचून अशी नोंद होत नाही. पुढे कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी पंधराव्या शतकात स्वतः वेध घेतले, जुन्या ग्रंथांवरून येणारी ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नाही असे पाहिले, आणि पुढेही असे अंतर पडेल तेव्हा त्या त्या काळच्या गणकांनी नव्याने वेध घेऊन सुधारणा करावी असे सांगून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले, ज्यायोगे पंचांगाचे गणित अतिशय सोपे झाले.

लाज पुढील भागाची वाटते. गणित सोपे झाले आणि लोकांनी आकाश सोडून ग्रंथ धरला. ग्रहलाघवावरून सुमारे चारशे वर्षे पंचांगे होत राहिली. अंतर वाढत गेले. ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या. आणि जेव्हा सुधारणेची गोष्ट निघाली तेव्हा परंपरेच्या नावाने तिला विरोध झाला. वास्तविक केशव दैवज्ञांची परंपरा कोणती होती? त्यांची कोष्टके की त्यांचे डोळे? कोष्टके राखून ज्यांनी डोळे मिटले, ते परंपरेचे पालक की तिचे खंडनकर्ते? या प्रश्नाचे उत्तर आमच्याच प्रांतातील एका शिक्षकाने दिले. व्यंकटेश बापूजी केतकर हे १८५४ साली आपल्या धारवाड भागातील नरगुंद येथे जन्मले. बागलकोटच्या शाळेत शिकवीत असता त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ व इतर ग्रंथ रचून आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पाया घातला. १९११ साली त्यांनी वरुणापलीकडील ग्रहांविषयीचे आपले गणित फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या मुखपत्रात प्रसिद्ध केले. बागलकोटच्या शाळामास्तराने पॅरिसशी बोलावे आणि त्याच हाताने एकादशी कोणत्या दिवशी हेही सांगावे, यात त्यांना विसंगती दिसली नाही. पंचांगशोधनाचे वाद पुढेही चालले. लोकमान्यांचा रैवत पक्ष आणि केतकरांचा चैत्र पक्ष यांचा झगडा जुन्या पिढीस आठवत असेल. तरीही पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे या मुद्द्यावर दोन्ही पक्ष एकत्र होते.

येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगणे अवश्य वाटते. वेलिंग्टनच्या घुमटाखाली दोन मोह टळले होते, आणि आपल्याकडे ते दोन्ही प्रबळ आहेत. एक मोह असा की, जुने सारे टाकाऊ ठरवून कथेला हसावे. दुसरा मोह असा की, दुर्बिणीला जे आज दिसते ते सारे आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते असे छातीठोकपणे सांगावे. दुसरा मोह भक्तीच्या वेषात येतो म्हणून अधिक फसवा. पूर्वजांनी जे पाहिले ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी, थंडीत कुडकुडत, पिढ्यान् पिढ्या लक्ष ठेवून पाहिले. त्यांच्या नावावर न पाहिलेले जमा करणे म्हणजे त्यांच्या खऱ्या श्रमाचा अपमान होय. तोही न पाहता ‘पाहतो’ म्हणण्याचाच एक प्रकार आहे. फक्त येथे आपण पूर्वजांकडून ते म्हणवून घेतो.

आणि आणखी एक गोष्ट, जी सांगताना आमची लेखणी जड होते. माओरींच्या एका कुटुंबात सुमारे ४०० पानांचे एक हस्तलिखित होते. १८९८ साली ते लिहावयास सुरुवात झाली, १९३३ साली ते पुरे झाले. त्यात सुमारे १००० ताऱ्यांची नावे होती. पुढे ते पन्नासहून अधिक वर्षे कपाटात राहिले. अखेर आजोबांनी ते नातवाच्या हाती दिले, आणि जे ज्ञान वाटले जात नाही ते ज्ञानच नव्हे अशी त्यास समज दिली. ते नातू म्हणजे तेथील विख्यात विद्वान रंगी माताम्‌ुआ. मातारिकीच्या सुट्टीच्या तारखा ठरविणाऱ्या समितीचे तेच प्रमुख होते. आपल्याकडील कपाटांची गोष्ट सर्वांस ठाऊकच आहे. पण ज्यांना कपाटच नव्हते त्यांचे काय? मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या दोघा संशोधकांनी विदर्भातील गोंड लोकांमध्ये हिंडून त्यांचे आकाश टिपून घेतले आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांतील चौकोनात गोंडांना एका म्हातारीची खाट दिसते आणि उरलेल्या तिघांत ती चोरावयास आलेले चोर. मृगात त्यांना नांगर दिसतो. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांतही सप्तर्षींना ‘बाज’च म्हणतात. आपल्याला ऋषी दिसले, कष्टकऱ्याला खाट आणि नांगर दिसला. दोघांनी आपापल्या जीवितातील सर्वांत मोलाची वस्तू आकाशात ठेवली.

आमच्या लहानपणी मळमड्डीस आमच्या घरी जवळच्या खेड्यातून एक म्हातारी दूध घालावयास येई. पहाटे चारला ती आपले गाव सोडी. तिच्याकडे घड्याळ नव्हते. आमच्या आजीने एकदा विचारले तेव्हा चांदण्या पाहून निघते असे ती म्हणाली होती. कोणत्या चांदण्या, त्यांना ती काय म्हणते, हे आजीने विचारले नाही, वडिलांनी विचारले नाही, पुढे मोठेपणी आम्हीही विचारले नाही. आमच्या माजघरात त्याच वेळी नक्षत्रांची नावे घेऊन संकल्प चालत. ज्या ओट्यावर ती दुधाची चरवी टेकवी, त्याच्या आत नक्षत्रांचे शब्द होते आणि बाहेर नक्षत्रे होती. मधला उंबरठा आम्ही कधी ओलांडला नाही. ती केव्हाच गेली. तिच्याबरोबर एक आकाश गेले, आणि ते कोणत्याही बस्त्यात बांधलेले नाही. वेलिंग्टनच्या वेधशाळेने माओरींना विचारले. आमच्या ओसरीवर आलेल्या वेधशाळेला आम्ही दुधाचा हिशेब तेवढा विचारला.

आता पुतणीच्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही तिला सविस्तर पत्र लिहिले. त्यातील आशय असा: “ध्रुव म्हणून आज जो तारा आपण दाखवितो तो गृह्यसूत्रे रचली गेली त्या काळी ध्रुवस्थानी नव्हता, अयनगतीमुळे तो हळूहळू तेथे आला आहे आणि पुढे तेथून सरेलही. म्हणून विधीचे मर्म त्या एका ताऱ्यात नाही. जे ढळत नाही त्याकडे दोघांनी मिळून पाहावे, यात आहे. तू ‘पाहते’ असे म्हणू नकोस. ध्रुव उत्तर क्षितिजाच्या खाली, पृथ्वीच्या वळणापलीकडे, तुझ्या आजोळच्या घराच्या माथ्यावर आहे, असे पुरोहितांनी सांगावे आणि तू ‘जाणते’ असे म्हण. मग रात्री दोघांनी बाहेर जाऊन अगस्त्य पाहा. तेथे तो कधीच मावळत नाही. अगस्त्य आणि लोपामुद्रा हे दाम्पत्य आपल्या पुराणांत दक्षिणेकडे गेलेले. दक्षिणेत संसार मांडणाऱ्यांना याहून योग्य साक्षी कोणता? त्या ताऱ्याला तेथील लोक आतुताही म्हणतात. तेही नाव शिकून घे, कारण तू त्यांच्या आकाशाखाली राहणार आहेस.” हा फेरफार करण्याचा आम्हांस अधिकार आहे असे आम्ही म्हणत नाही, तो शास्त्रीमंडळींचा प्रांत आहे. परंतु तोंडाने खोटे बोलून ज्या विधीची सुरुवात होते त्यापेक्षा हा फेरफार धर्माच्या अधिक जवळचा आहे, अशी आमची समजूत आहे.

पत्र लिहून झाल्यावर आमचे स्वतःचे देणे उरले. गेल्या कार्तिकात आम्ही आमच्या देवस्थानच्या मंडळींस विनंती केली की, दीपोत्सव यथासांग होऊ द्यावा. मात्र वद्य पक्षातील एका रात्री, चंद्र उगवण्यापूर्वी, आरतीनंतर पंधरा मिनिटे विजेच्या माळा मालवाव्यात. पौर्णिमेस हे साधणार नाही, कारण त्या रात्री चंद्र स्वतःच कृत्तिकांपाशी असतो व त्याच्या तेजात त्या हरवतात. मंडळींनी प्रथम शंका काढल्या. वृद्ध ठेचकाळतील, मुले हूड होतील. शेवटी गाभाऱ्यातील समई आणि दीपमाळेच्या पायथ्याच्या पणत्या तेवढ्या ठेवून बाकीचे दिवे बंद झाले.

प्रथम कोणासच काही दिसेना. डोळे अंधाराला सरावण्यास वेळ लागतो. मग पूर्वेस, पिंपळाच्या शेंड्याच्या बरेच वर, तो लहानसा पुंजका स्पष्ट झाला. मुले मोजू लागली. बहुतेकांची गणती सहावर थांबली, एका मुलीने सात असल्याचा हट्ट धरला. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाई, ज्यांचे कार्तिकव्रत पन्नास वर्षांत चुकलेले नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग आपल्या घरच्या कोंकणीत हळूच म्हणाल्या, “इत्लीं सान?” इतक्या लहान? आणि त्यांनी हात जोडले. त्या रात्रीचे त्यांचे हात जोडणे आणि आजवरचे हात जोडणे यांत काय अंतर होते, हे आम्ही त्यांना विचारले नाही. पंधरा मिनिटे संपली, माळा पुन्हा लागल्या, आणि प्रसादासाठी रांग सुरू झाली.